गुळव्याचा भात

"उचलायचा न्हाई! कुणीबी घास उचलायचा न्हाई!"

दुकान उघडल्याची पहिली संध्याकाळ. पहिली एकोणीस गिऱ्हाइकं. पहिला घास सगळ्यांच्या ओठांपाशी पोचलेला, आणि दारातून हा आवाज आला. आवाज कसला, मिरज स्टेशनातून सुटलेली गाडी परत फलाटाला लागावी असा. एकोणीस हात जागच्या जागी थांबले. एका डॉक्टरीणबाईंच्या जेवायच्या जपानी काड्यांतून घास निसटला आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मिस्टरांच्या चहात बुडाला. मिस्टर हलले नाहीत. हलायची कुणाची छातीच नव्हती.

दारात आमचे घरमालक उभे होते. सहा फूट उंची, अंगात बंडी, डोक्याला पंचा, आणि हाताचे पंजे एवढे की जागेचा करार झाला तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला तर माझं मनगट, घड्याळ आणि दोन बांगड्या असा सगळा ऐवज त्यात दिसेनासा झाला होता. ते कुणाकडे न बघता सरळ माझ्या परातीपाशी आले. भाताचं एक शीत उचललं, अंगठ्याच्या नखावर ठेवलं, दुसऱ्या नखानं दाबलं, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पुण्यातल्या मोठ्या हॉटेलाच्या जपानी स्वयंपाकघरात मी चार वर्षं काढलेली आहेत, हे मी स्वतःच विसरले.

"भाताचं हाड मोडलंयस तू," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं एकोणीस ताटं गोळा केली आणि सगळा भात मागच्या गोठ्यात म्हशीपुढं ओतला. म्हशीनं दोनदा वास घेतला आणि तोंड फिरवलं. "बघ. तिलाबी कळतंय," असं मला सांगून ते आत आले आणि गिऱ्हाइकांना त्यांनी तारीख दिली. कोर्टात देतात तशी. उद्या, ह्याच वक्ताला, हितंच.

मी त्या रात्री पुण्याला फोन लावून जुनी नोकरी शिल्लक आहे का विचारणार होते. पण दुसऱ्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस माणसं हजर, वर सव्वीस नवीन. सांगलीत जेवत्या माणसापुढचं ताट कुणीतरी काढून घेतलं, ही बातमी कृष्णेच्या पाण्यापेक्षा वेगानं चढते. आणि त्या दिवशी भात मी केला नव्हता. मालकांनी केला होता.

आमचे मालक मूळचे गुळवे. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत आटत असतो, तो नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा हे ठरवतो तो गुळव्या. एक क्षण आधी उतरवला तर गूळ बसत नाही, एक क्षण उशीर झाला तर करपतो. यंत्र नाही, मीटर नाही. नाक, कान आणि बोटं. मालकांनी हे काम चाळीस हंगाम केलं. कऱ्हाडपासून जतपर्यंत त्यांना बोलावणी यायची. त्यांचं म्हणणं असं, की एकदा वारा त्या बाजूनं होता म्हणून कडेगावातल्या काहिलीचा वास त्यांना आटपाडीत बसल्या जागी आला, आणि त्यांनी तिथूनच ती वेळेवर उतरवायला लावली. तेव्हा फोन नव्हते, मग कळवलं कसं, असं मी विचारलं. म्हणाले, "वरडून." त्यांचा आवाज पहिल्या दिवशी ऐकला असल्यामुळे मी वाद घातला नाही.

पुढे ऊस कारखान्यांकडे वळला, गुऱ्हाळं एकेक करून थंड झाली. मालकांचं स्वतःचं गुऱ्हाळ सांगलीच्या अगदी कडेला, जिथं ऊस संपतो आणि अपार्टमेंटं सुरू होतात तिथं. ती पत्र्याची लांबलचक शेड मी भाड्यानं घेतली. करारावर त्यांनी न वाचता सही केली. अट एकच घातली, की मधलं चुलवाण मोडायचं नाही. चुलवाण म्हणजे काहिलीखालची भट्टी. ती एवढी मोठी, की तिच्यात एक जीप सहज मावली असती. तेव्हा मी ते चुलवाण मधोमध राहू दिलं, त्याच्याभोवती चटया अंथरल्या, पुढे चौरंग मांडले, आणि जपानात असंच जमिनीवर बसतात असं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मांड्या घातल्या आणि म्हणाले, जपानात पंगत असते हे माहीत नव्हतं.

माल स्वस्त होता. तो तसाच ठेवायचा हा माझा हट्ट. सुशी, म्हणजे आंबटगोड भाताचा बोटभर गोळा, त्यावर अंड्याच्या पोळीचा काप, नाहीतर उकडलेली कोळंबी, नाहीतर मीठ आणि शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरात, मुरवलेला बांगडा. बांगडा रत्नागिरीहून पहाटेच्या गाडीनं यायचा. काकडी, गाजर मार्केट यार्डातलं. दवाखान्यातल्या नर्सा, कॉलेजची पोरं, ट्रॅक्टरच्या शोरूममधले मेकॅनिक, सगळ्यांना परवडावं असा हिशेब मी बसवला होता. फक्त भात जमत नव्हता. तो जमवायला सांगलीत एकच माणूस होता आणि तो माझ्याकडून भाडं घेत होता.

आता ह्या दुकानावर माझं काय टांगलेलं होतं तेही सांगून टाकते.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कडेगावचे. फौजेतून सुभेदार होऊन परत आले आणि घरचा ऊस बघू लागले. मी पुण्यात होते तोवर ते गावात ताठ मानेनं सांगायचे, लेक फाइव्ह स्टारमध्ये आहे. ती लेक नोकरी सोडून सांगलीत आली आणि जुन्या गुऱ्हाळात भाताचे गोळे विकू लागली, तेव्हा गावात सांगायला त्यांच्याकडे वाक्यच उरलं नाही. ते रागावले नाहीत. सुभेदार रागावत नाही, मुदत देतो. एके सकाळी येऊन त्यांनी मला उभ्या उभ्या ऐकवलं.

"आपली मानसं प्वाटभर जेवली तर ते जेवान. न्हाईतर नुसती गंमत. दिवाळीच्या आदी भावकी घिऊन येतो. प्वाटभर जेवून उठली तर तुझं दुकान ऱ्हाईल. अर्ध्यापोटी उठली तर कुलूप घालायचं आन पुन्याला नोकरीवं हजर व्हायचं."

आमच्या घरात अशा वाक्याला एकच उत्तर असतं. मी "व्हय" म्हटलं. आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल केलंय. कडेगावची आमची भावकी. एका बारशात ह्या लोकांनी आचाऱ्याला रडवलेलं मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचं पोट बोटभर घासांनी भरायचं म्हणजे विहीर चमच्यानं भरायची.

मालकांना मी हे सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. म्हणाले, "किती मानसं?" मी म्हटलं, वीस-पंचवीस. म्हणाले, "तवा तांदूळ आदल्या दिशी बघून ठिवू." झालं. माझ्या आयुष्याचा प्रश्न त्यांच्या लेखी तेवढ्यात सुटला होता.

त्यांच्या लेखी प्रश्न एकच असायचा, भात. मी पुण्याहून आणलेले किमती तांदूळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात एका कबुतरवाल्याला देऊन टाकले आणि इंद्रायणी आणला. तांदूळ ते धूत नसत, आंघोळ घालत. सात पाण्यांनी, आणि प्रत्येक पाण्याला त्यांची वेगळी तक्रार. शिजायला ठेवल्यावर भांड्याकडे पाठ करून बसायचे. बघितलं की भात बुजतो, असं त्यांचं शास्त्र. कान द्यायचा. भांड्यातला आवाज आधी खळखळ, मग खदखद, मग चुळबुळ, आणि मग एक क्षण असा येतो की आवाज बंद होतो आणि वास सुरू व्हायचा असतो. त्या मधल्या फटीत भात उतरवायचा.

त्या फटीसाठी दुकानात शांतता लागायची. गुऱ्हाळावर काहील उतरवताना कुणी बोलायचं नाही असा नियम असतो, तो त्यांनी माझ्या हॉटेलात आणला. दर संध्याकाळी दोनदा ते उभे राहून पंचा झटकायचे आणि एकच शब्द टाकायचे, "गप." की चार मिनिटं सगळं ठप्प. चावणारा चावायचा थांबायचा. एकदा एक पुढारी मंडळी घेऊन आले होते. त्यांचा फोन वाजला. मालकांनी तो त्यांच्या हातातून घेतला, पलीकडच्या माणसाला "भात हुतोय" एवढं सांगितलं आणि फोन पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला. पुढाऱ्यांनी नंतर चार माणसांत सांगितलं की निवडून आल्यापासून चार मिनिटं गप्प बसायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली. पुढे पुढे काही लोक जेवायला नाही, त्या शांततेला यायला लागले. एक जोडपं घटस्फोटाच्या कागदांवर सही करायच्या आदल्या दिवशी आलं होतं. चार मिनिटं एकमेकांकडे बघत बसले, मग बांगड्याची एक प्लेट जास्त मागवली आणि कागद आमच्या चुलवाणात टाकून गेले. ह्यातला चुलवाणाचा भाग मी नंतर घातला असेल. बाकीचं खरं आहे.

भात उतरला की तो त्यांच्या घरच्या लाकडी काठवटीत पडायचा. त्यावर शिरक्याचं पाणी, आणि मग मालक एका हातानं सुपानं वारा घालायचे आणि दुसरा हात सरळ त्या वाफाळत्या भातात. चाळीस हंगाम गरम गूळ थापून त्या हाताला चटका ही गोष्ट माहीतच राहिली नव्हती. मी एकदा त्यांच्यासारखं करायला गेले आणि तीन दिवस बोटांना तूप लावून फिरले. शिरक्यात साखरेच्या जागी थोडा गूळ घालू या का, असंही मी एकदा सुचवलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. "भातात गूळ घालाय मला काय खूळ लागलंय? रंग मरतोय त्येचा." दोन दिवस बोलले नाहीत.

गिऱ्हाइकांशी त्यांचं वागणं सासऱ्यासारखं. आमच्याकडच्या माणसाला कुठल्याही पदार्थाबरोबर रस्सा लागतो. देवळात प्रसाद दिला तरी तो इकडेतिकडे बघतो. तसा कुणी रस्सा मागितला, की मालक त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, एक घास त्याच्या तोंडात स्वतः घालायचे, डोळे मिटायला लावायचे आणि विसापर्यंत आकडे मोजायचे. मग विचारायचे, "आता सांग. रस्सा कुटं घालू?" आजवर एकालाही जागा सांगता आली नाही. एका मेकॅनिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, मिरची लागली. त्यात मिरची नव्हती.

"मासा पावना हाय," ते सगळ्यांना सांगायचे. "आज आला, उद्या न्हाई. घरचं मानूस म्हंजे भात." स्वतः मात्र सुशी कधी खाल्ली नाही. एक शीत चाखायचे, तेही चाखून थुंकायचे. घरी जाऊन ज्वारीची भाकरी. जपान कुठंय हेही त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मीच नकाशा दाखवला, तर त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, ऊस हुतो का तिथं. दक्षिणेच्या बेटांवर होतो म्हटल्यावर मान हलवली, जणू आता सगळं जुळलं.

सध्या ते आटपाडीला लेकीकडे असतात. त्या कोरड्या माळावर आता कालव्याचं पाणी आलंय, पाण्यामागून ऊस आलाय, आणि उसामागून कुणीतरी नवीन गुऱ्हाळ काढून मालकांना मानानं बोलावून नेलंय. ऐंशीच्या घरातला माणूस पुन्हा काहिलीपाशी उभा आहे. माझा भात आता मी करते. वारा आटपाडीच्या दिशेनं असेल तेव्हा दार लावून करते.

तर भावकीचा दिवस.

मी सांगितलं होतं सातला या. आमच्याकडे सातला या म्हटलं की कडेगावची माणसं पाचला येतात. दोन जीपा आणि एक टेंपो. सत्तावीस माणसं, सगळी उसाला पाणी पाजून थेट शेतातून निघालेली. आणि टेंपोत मागे दोन मोठे डबे. मटण आणि भाकरी. धाकट्या चुलतीनं खाली उतरताच मला समजावलं, की बाई, वाईट वाटून घेऊ नको, पण न जाणो. म्हणजे जेवायला येताना जेवण घेऊन आली होती माणसं.

ती आत शिरली ती बोलतच. पाटाच्या पाण्याची पाळी, कुणाचा बांध कुणी कोरला, चटयांवर कुणी कुठं बसायचं, इथं पंखा का नाही, अशी सत्तावीस तोंडं एका वेळी चाललेली. आणि नेमका तो क्षण होता. मालक चुलवाणाकडे पाठ करून उभे होते. भांड्यातली चुळबुळ थांबायला आली होती. मी हात जोडून खुणा करत होते, कोण बघतंय.

मालकांनी पंचा झटकला. "गप."

आमची भावकी, बांधाच्या भांडणात पोलीस आले तरी गप्प न बसलेली, अशी थांबली की टेंपोच्या तापलेल्या इंजिनाची टिकटिक आत ऐकू आली. एक चुलता एक पाय उंबऱ्यावर आणि एक हवेत असा उभा राहिला. आण्णांचं तोंड उघडं होतं. सुभेदाराला गप्प बसवणारा माणूस त्यांनी फौजेत पाहिला असेल, पण तो गणवेशात होता. हा बंडीत होता. चार मिनिटं. मग भांडं उतरलं, वास सुटला, आणि मालक दारापाशी जाऊन म्हणाले, "बसा आता. डबं भायेरच ऱ्हाऊ द्यात." आण्णा सगळ्यांच्या आधी बसले.

आणि सगळे बसल्यावर माझं लक्ष मधल्या चटईकडे गेलं. तिथं थोरले आप्पा बसले होते.

थोरले आप्पा म्हणजे आण्णांचे चुलते. नव्वदीचे, भावकीत सगळ्यांत वडील. आमच्यात नियम असा, की त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही आणि ते उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ते उठले, की मग कुणी बसून राहायचंही नाही. आणि आप्पांच्या तोंडात एक दात नव्हता. कितीतरी वर्षांपासून ते लग्नाकार्यात दोन घास दूधभात खाऊन पाच मिनिटांत उठायचे, आणि त्यांच्यामागे आख्खी भावकी लाडू हातात धरून अर्ध्यापोटी उठायची. मी ते साफ विसरले होते. आण्णांकडे बघितलं, तर तेही आप्पांकडे बघत होते. त्यांच्याही आत्ताच ध्यानात आलं होतं. मुदत देणाऱ्यानं एवढं धरलं नव्हतं. पाच मिनिटांत माझ्या दुकानाला कुलूप लागणार होतं, आणि शब्द दिलेला असल्यामुळे ते त्यांनाच लावावं लागणार होतं.

मालक कधी स्वतः घास वळत नसत. ते माझं काम. त्या दिवशी ते काठवट घेऊन आप्पांच्या समोर बसले. त्या फावड्याएवढ्या पंजात मूठभर भात घेतला, आणि जो घास बाहेर आला तो चिमणीच्या अंड्याएवढा. वर अंड्याच्या पोळीचा इतका पातळ काप, की त्यातून आप्पांच्या धोतराचा सोगा दिसत होता. घास चौरंगावर ठेवला.

आप्पांनी तो उचलला. तोंडात टाकला. टाळूला दाबला. सव्वीस माणसं त्यांच्या गालांकडे बघत होती.

"इरघळला," आप्पा म्हणाले.

मालकांनी दुसरा ठेवला. आप्पांनी तो खाल्ला. तिसरा. मग इतरांनी हात चालवले, आणि मी, दोन मदतनीस बाया आणि देव जाणे कोण कोण, आम्ही वळत सुटलो.

पाच मिनिटं झाली. आप्पांनी तोंड पुसलं, उजवा हात जमिनीवर टेकला, उठायच्या बेतानं. सव्वीस हात थांबले. आप्पांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागेही बघितलं. तेवढ्यात मालकांनी पुढे कोळंबीचा घास ठेवला. आप्पांनी घासाकडे बघितलं. जमिनीवरचा हात उचलला आणि घास घेतला.

दहा मिनिटांनी पुन्हा तसंच. हात जमिनीला, नजर चहूकडे, पुढे नवा घास, हात वर. पंधराव्या मिनिटाला तसंच. मला वाटलं, माझ्या भातानं माणूस जिंकला. नव्वद वर्षांचा देह उठू म्हणतोय आणि जीभ उठू देत नाहीये. मी वळायचा वेग दुप्पट केला.

आणि आप्पा बसलेत म्हटल्यावर बाकीचे करतात काय. वडील माणूस जेवत असताना पुढ्यात रिकामं ताट घेऊन बसणं म्हणजे त्यांना ऊठ म्हटल्यासारखं. म्हणून सगळे खात राहिले. आधी नाइलाजानं, मग सवयीनं, मग चवीनं, आणि मग लाज सोडून. कच्च्या मासळीला शिवणार नाही अशी शपथ घेऊन आलेल्या चुलत्यानं बांगड्याच्या अकरा प्लेटा संपवल्या आणि बाराव्या प्लेटीला विचारलं की ह्यात तो कच्चा मासा कुठला. धाकटी चुलती काकडीचे तुकडे उलटेपालटे करून कृती पाठ करत होती. आण्णा पाठ ताठ ठेवून, परेडला असल्यासारखे, एका लयीत खात होते. तिसऱ्या प्लेटीला त्यांनी पट्ट्याचं एक भोक सैल केलं. सहाव्याला पट्टाच काढून शेजारी ठेवला. आप्पांनी किती घास खाल्ले ह्यावर अजून वाद आहे. चौतीस म्हणणारे आहेत, एकसष्ट म्हणणारे आहेत. मी एक्क्याऐंशी सांगते, कारण दुकान माझं आहे.

पावणेदोन तासांनी काठवटीचा तळ दिसला. मालक उठले, आप्पांच्या मागे गेले, काखेत हात घातले आणि गुळाची ढेप उचलावी तसं त्यांना अलगद उभं केलं. नियमाप्रमाणे भावकीनंही उठायला हवं होतं. एकालाही जमेना. अकरा प्लेटवाल्या चुलत्याला दोघांनी ओढून काढलं, तर ओढणारे दोघं खाली बसले. एक जण नुसता आडवा झाला आणि म्हणाला, मला सकाळी न्या. टेंपोतले डबे तसेच बंद राहिले. ते पलूसच्या पुढं कुणीतरी उघडले अशी कुजबूज आहे, पण मला ती बदनामी वाटते.

आण्णा हात धुऊन आले. पट्टा हातातच होता. चुलवाणाकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, चटयांवर पडलेल्या आपल्या माणसांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पदक मिळाल्यावर असतो तसा होता, म्हणजे काहीच न झाल्यासारखा.

"दिवाळीत बंद ठिवू नगंस," ते म्हणाले. "व्याही मंडळींस्नी घिऊन यायचं म्हनतोय."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले, आणि बाहेर आले ती ह्या जिल्ह्यातली सगळ्यात उंच बाई होऊन आले. साडेपाच फुटांची मी, त्या संध्याकाळी पत्र्याला माझं डोकं लागत होतं. आण्णा टेंपोवाल्याला सांगत होते, ही माझी लेक, हे तिचं हॉटेल. टेंपोवाला त्यांचा सख्खा पुतण्या होता.

जीपमध्ये आप्पांना मी बसवून दिलं. गुडघ्यांवर घोंगडी टाकली. एवढे तास बसलात, भात एवढा आवडला होय, असं मी विचारलं, कौतुक ऐकायला सोकावलेल्या माणसाच्या आवाजात.

"चांगला हुता. न्हाई म्हनत न्हाई," आप्पा म्हणाले. "पर मी पाच मिंटांतच उटनार हुतो. त्या तुज्या मानसानं दारातच माजी काठी काढून घेतली आन हाताला धरून बसवलं. काठीबिगर मी उटू कसा? आन ह्या एवढ्या जनांतलं एक कोन हात द्याय आलं न्हाई. मग बसल्या बसल्या काय करनार. खाल्लं."

कोण येणार हात द्यायला. आमच्यात पंगतीत बसलेल्या वडील माणसाला उठायला हात देणं म्हणजे आता पुरे झालं असं सांगणं. ते सांगायला भावकीतला एक जण धजावला नव्हता. सव्वीस माणसं आप्पांच्या उठण्याची वाट बघत होती आणि आप्पा त्यांच्यातल्या एका हाताची. काठी मात्र जीपमध्ये त्यांच्या आधीच येऊन बसली होती. वरपासून खालपर्यंत धुतलेली, पुसलेली.

मी रात्रभर विचार केला. मालकांना भावकीचा नियम कुणी सांगितला असेल, नव्वदीच्या म्हाताऱ्याचं उठणं काठीवर आहे हे त्यांनी दारातच ओळखलं असेल का, आणि ओळखलं असेल तर हा माणूस गुळव्या म्हणून वाया गेला, ह्याला दिल्लीत बसवायला हवं होतं. सकाळी ते आले आणि नेहमीसारखे तांदूळ निवडायला बसले. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, मालक, आप्पांची काठी तुम्ही मुद्दाम काढून घेतलीत का.

त्यांनी एक खडा शोधून बाजूला टाकला.

"काठीला चिखूल हुता," ते म्हणाले.